डब्यावरचे आकडे आणि डब्यातले तेल

पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये इंजिन ऑइलच्या डब्यांची रांग पाहिली, की सर्वप्रथम नजरेत भरतात ते त्यांवरचे आकडे. २० डब्ल्यू-४०, १५ डब्ल्यू-४०, १० डब्ल्यू-३०, ५ डब्ल्यू-३० आणि अलीकडच्या मोटारींसाठी ० डब्ल्यू-२० किंवा ० डब्ल्यू-१६. बहुतेक वाहनधारकांना आपल्या गाडीचा आकडा तोंडपाठ असतो. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. आकडा मोठा म्हणजे तेल दाट आणि दाट म्हणजे चांगले, हा एक समज. आकडा लहान म्हणजे तेल आधुनिक आणि म्हणून उत्तम, हा दुसरा. दोन्ही समज अपुरे आहेत. हे आकडे म्हणजे तेलाच्या दर्जाला दिलेले गुण नव्हेत. तयार तेलाचा दाटपणा ठराविक तापमानांना कोणत्या मर्यादेत बसतो, एवढेच ते सांगतात. तो दाटपणा कोणत्या मूळ तेलांच्या मिश्रणातून साधला गेला, याबद्दल ते मौन पाळतात. एकाच आकड्याच्या दोन डब्यांच्या किमतीत मोठी तफावत का असते आणि इंजिनात ती दोन तेले वेगळी का वागतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या मिश्रणात दडलेले असते.

दाटपणाचे गणित

द्रवाच्या वाहण्याला त्याच्याच अंतर्गत घर्षणामुळे होणारा विरोध म्हणजे श्यानता. रोजच्या भाषेत दाटपणा. इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील फटीत तेलाचा अतिशय पातळ थर असतो. शाफ्ट फिरू लागला की तेल त्या फटीत ओढले जाते, तेथे दाब निर्माण होतो आणि धातूला धातू न लागता शाफ्ट जणू तेलावर तरंगू लागतो. तेल गरजेपेक्षा पातळ असेल तर हा थर तुटतो आणि झीज सुरू होते. गरजेपेक्षा दाट असेल तर ते थंड इंजिनात वेळेवर सर्वत्र पोहोचत नाही, शिवाय ते ढवळण्यात इंधन खर्ची पडते. म्हणूनच दाटपणा जास्त असणे महत्त्वाचे नसून तो योग्य असणे महत्त्वाचे असते.

अडचण अशी, की तेलाचा दाटपणा तापमानानुसार झपाट्याने बदलतो. १५ डब्ल्यू-४० या नेहमीच्या डिझेल इंजिन तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला ११० सेंटिस्टोकच्या आसपास असते; १०० अंशांना ती १४-१५ सेंटिस्टोकपर्यंत उतरते. सकाळी गाडी सुरू करताना असलेले तेल आणि अर्ध्या तासाने घाटात चढणाऱ्या इंजिनातील तेल हे दाटपणाच्या दृष्टीने जणू दोन वेगळे द्रव असतात. तापमानामुळे होणारा हा बदल किती तीव्र आहे हे मोजण्यासाठी डीन आणि डेव्हिस या अमेरिकी तंत्रज्ञांनी १९२९ मध्ये श्यानता निर्देशांक ही कल्पना मांडली. पेनसिल्व्हेनियातील कच्च्या तेलापासून बनलेल्या, कमी बदलणाऱ्या तेलाला त्यांनी १०० गुण दिले आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील, फार बदलणाऱ्या तेलाला शून्य. निर्देशांक जितका अधिक, तितके तेल उष्णतेत आणि थंडीत स्थिर. पुढील काळात शुद्धीकरणाचे तंत्र सुधारले आणि १०० च्या पलीकडचे निर्देशांकही सर्रास मिळू लागले.

आकड्यांचा अर्थ

अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स ही संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिने इंजिन तेलांचे दाटपणानुसार पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. वेळोवेळी सुधारलेले हेच वर्गीकरण आज 'एसएई जे-३००' या नावाने जगभर वापरले जाते. त्यात दोन प्रकारच्या श्रेणी आहेत. 'डब्ल्यू' हे अक्षर असलेल्या श्रेणी थंडीसाठी. हे अक्षर विंटर, म्हणजे हिवाळा, या शब्दाचे आहे. अक्षर नसलेल्या श्रेणी तापलेल्या इंजिनासाठी.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. १५ डब्ल्यू तेलाने उणे २० अंशांना ७,००० सेंटिपॉइजच्या आत राहून इंजिन फिरू दिले पाहिजे आणि उणे २५ अंशांना पंपाने ओढले जाण्याइतके प्रवाही राहिले पाहिजे, अशी अट आहे. ५ डब्ल्यू तेलासाठी हीच तापमाने उणे ३० आणि उणे ३५ अंश आहेत. ० डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४०. दुसरा आकडा १०० अंशांच्या श्यानतेचा. ३० श्रेणीसाठी ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावी लागते. याखेरीज १५० अंशांना, बेअरिंगमधल्यासारख्या वेगवान घासणीत तेल किती दाट राहते याचीही किमान मर्यादा आहे. ३० श्रेणीला ती २.९ सेंटिपॉइज आहे. ४० श्रेणीत मात्र ५ डब्ल्यू-४० ला ३.५, तर १५ डब्ल्यू-४० ला ३.७ सेंटिपॉइज लागते. शेवटचा आकडा एकच असूनही दोन तेले समान नसतात, याचा हा पहिला पुरावा.

मूळ तेलाची पाच घराणी

डब्यातील तेलाचा साधारणतः ७० ते ९० टक्के भाग मूळ तेलाचा, म्हणजे बेस ऑइलचा असतो. उरलेल्या भागात इंजिन स्वच्छ ठेवणारी, झीज आणि गंज रोखणारी, फेस दाबणारी पूरक द्रव्ये आणि पॉलिमर असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटातील तेल द्रावकांच्या साहाय्याने अनिष्ट घटक आणि मेण काढून बनवतात; त्यात संपृक्त हायड्रोकार्बनचे प्रमाण ९० टक्क्यांपेक्षा कमी किंवा गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा अधिक असते. दुसऱ्या गटात हायड्रोजनच्या प्रक्रियेने तेल अधिक शुद्ध होते. निर्देशांक मात्र पहिल्या गटाप्रमाणेच ८० ते १२० च्या दरम्यान राहतो. तिसऱ्या गटात ही प्रक्रिया आणखी कठोर असते आणि निर्देशांक १२० किंवा त्याहून अधिक असतो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन या रसायनशाळेत जुळवलेल्या तेलाचा. एस्टर आणि इतर सारी तेले पाचव्या गटात येतात.

व्यवहारात पहिल्या गटाची तेले १५० न्यूट्रल, ५०० न्यूट्रल आणि ब्राइट स्टॉक अशा नावांनी विकली जातात. न्यूट्रल तेलांच्या नावातील आकडा सेबोल्ट सेकंद या जुन्या एककातला आहे: ६० मिलिलिटर तेल १०० अंश फॅरनहाइटला एका ठराविक छिद्रातून वाहून जाण्यास लागणारा वेळ. आजच्या मापात, १०० अंश सेल्सिअसला १५० न्यूट्रल सुमारे ५ सेंटिस्टोक, ५०० न्यूट्रल सुमारे ११ आणि निर्वात ऊर्ध्वपातनानंतर उरलेल्या गाळातून काढलेला जाडसर ब्राइट स्टॉक सुमारे ३१ सेंटिस्टोक भरतो. शुद्धीकरण कारखान्यातून अशी मोजकीच तेले बाहेर पडतात. बाजारातील असंख्य श्रेणी त्यांच्या मिश्रणातून जन्माला येतात.

सरासरी जेथे चुकते

मिश्रण करणे म्हणजे सरासरी काढणे, असे प्रथमदर्शनी वाटेल. ५ आणि ३१ सेंटिस्टोकची तेले निम्मी निम्मी मिसळली तर १८ सेंटिस्टोकचे तेल मिळावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते ११ सेंटिस्टोकच्या आसपास भरते. पातळ तेलाचा प्रभाव दाट तेलापेक्षा कितीतरी अधिक पडतो. म्हणून मिश्रणाचे गणित श्यानतेच्या लॉगॅरिदमचा पुन्हा लॉगॅरिदम घेऊन करावे लागते. प्रत्येक तेलासाठी असा एक मिश्रण निर्देशांक काढला जातो आणि सरासरी त्या निर्देशांकांची घेतली जाते.

या फरकाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. ७० भाग ५०० न्यूट्रल आणि ३० भाग ब्राइट स्टॉक घेतला, तर साधी सरासरी १७ सेंटिस्टोक येते. म्हणजे कागदावर ते तेल ५० श्रेणीचे. योग्य गणिताने उत्तर येते सुमारे १४.५ सेंटिस्टोक, म्हणजे ४० श्रेणीच्या अगदी मध्यावर. पंपसंच आणि जुन्या डिझेल इंजिनांत वापरले जाणारे एकश्रेणी ४० क्रमांकाचे तेल मुळात अशाच पद्धतीने बनते. पूरक द्रव्यांमुळेही दाटपणात फरक पडत असल्याने अंतिम प्रमाण प्रयोगशाळेत मोजूनच निश्चित होते.

दोन आकड्यांची कसरत

एकश्रेणी तेल बनवणे तुलनेने सोपे. खरी कसरत बहुश्रेणी तेलात असते, कारण तेथे एकाच मिश्रणाने दोन परस्परविरोधी अटी पाळायच्या असतात. ५०० न्यूट्रल आणि ब्राइट स्टॉक यांचे वरील मिश्रण उष्णतेत ४० श्रेणीत बसते. पण उणे २० अंशांना ते १५ डब्ल्यूची अट पाळू शकत नाही. यावरचा उपाय उलट्या बाजूने सुरू होतो. प्रथम थंडीची अट पाळणारे पातळ मिश्रण घ्यायचे. १५० आणि ५०० न्यूट्रल निम्मे निम्मे घेतले तर सुमारे ७ सेंटिस्टोकचे तेल मिळते; १५ डब्ल्यू-४० साठी पाया याच्या आसपास किंवा किंचित पातळ ठेवला जातो. मग १०० अंशांना १४ सेंटिस्टोक गाठण्यासाठी उरलेला दाटपणा मुख्यतः पॉलिमर आणि काही अंशी इतर पूरक द्रव्ये पुरवतात. थंडीत मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंतून तेल गोठू नये यासाठी अल्प प्रमाणात आणखी एक द्रव्य घातले जाते.

श्यानता निर्देशांक वाढवणारे हे पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे रेणू. थंड तेलात ते तुलनेने आक्रसलेले राहतात आणि वाहण्यास फारसा अडथळा करत नाहीत. गरम तेलात त्यांचा दाट करण्याचा प्रभाव टिकून राहतो. त्यामुळे बहुश्रेणी तेल तापल्यावर दाट होते, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. तापल्यावर प्रत्येक तेल पातळच होते; बहुश्रेणी तेल तुलनेने कमी पातळ होते, इतकेच.

या सोयीची किंमत चुकवावी लागते. बेअरिंगमधील वेगवान घासणीत पॉलिमरच्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि तेवढ्यापुरते तेल पातळ होते. १५० अंशांची वर सांगितलेली कसोटी त्यासाठीच आहे. शिवाय पिस्टन, पंप आणि विशेषतः गिअरच्या दातांमध्ये या साखळ्या कायमच्या तुटतातही. मूळ तेल तसेच राहते, पण पॉलिमरने दिलेला दाटपणा ओसरतो. ४० श्रेणीचे तेल काही हजार किलोमीटरनंतर ३० श्रेणीत उतरू शकते. गिअर असलेल्या बहुतेक चारस्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल पुरते. १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनी मोटारीतही गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलात बुडालेला होता. अशा यंत्रांत पॉलिमरची कत्तल अधिक होते. २० डब्ल्यू-४० हे भारतीय दुचाकींचे दीर्घकाळ प्रचलित तेल होते, त्यामागे हेही एक व्यावहारिक शहाणपण होते: दोन आकड्यांतील अंतर कमी असेल तर पॉलिमरवर भिस्तही कमी ठेवावी लागते.

पातळ तेलाचे बाष्पीभवन

मग पाया आणखी पातळ करून पहिल्या गटाच्या तेलातूनच ५ डब्ल्यू-३० का बनवू नये? कारण पातळ तेल उडून जाते. तापलेल्या पिस्टनजवळ हलके रेणू वाफ होऊन निघून जातात, तेलाची पातळी घटते आणि उरलेले तेल दाट होत जाते. २५० अंशांना एक तास तापवून ही घट मोजण्याची नोआक नावाची कसोटी आहे. २००१ मध्ये लागू झालेल्या अमेरिकी मानकांनी पेट्रोल इंजिनांच्या तेलासाठी ही घट १५ टक्क्यांच्या आत असावी असे ठरवले. ५ डब्ल्यूची थंडीची अट पाळण्याइतका पातळ केलेला पहिल्या गटाचा पाया या मर्यादेत राहू शकत नाही.

येथे मूळ तेलाचा गट निर्णायक ठरतो. तिसऱ्या आणि चौथ्या गटातील तेलांचा निर्देशांकच अधिक असल्याने ती थंडीत प्रवाही आणि उष्णतेत पुरेशी दाट राहतात. तेवढ्याच श्यानतेला त्यांचे बाष्पीभवनही कमी होते. म्हणून ५ डब्ल्यू श्रेणीसाठी दुसऱ्या गटातील उत्तम तेले किंवा तिसऱ्या गटाची जोड लागते आणि ० डब्ल्यू तर तिसऱ्या-चौथ्या गटांशिवाय जवळजवळ अशक्य ठरते. या अर्थी पहिला आकडा जितका लहान, तितका मूळ तेलाच्या दर्जाविषयी काही अंदाज बांधता येतो. १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-५० बाबत मात्र तो अंदाज चालत नाही. ती तेले पहिल्या गटातूनही बनतात आणि चौथ्या गटातूनही.

डब्यावरील 'सिंथेटिक' हा शब्दही याबाबत पुरेसा बोलका नाही. तिसऱ्या गटाचे तेल कच्च्या खनिज तेलापासूनच निघते. त्यास कृत्रिम म्हणावे का, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत वाद झाला. जाहिरातींची तपासणी करणाऱ्या तेथील स्वयंनियामक विभागाने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने मत दिले. त्यानंतर तिसऱ्या गटाच्या तेलावर 'सिंथेटिक' ही मोहोर सर्रास उमटू लागली.

माहुलपासून गॅरेजपर्यंत

या साऱ्या उद्योगाचा एक टोकाचा धागा मुंबईत आहे. माहुल येथील हिंदुस्तान पेट्रोलियमच्या कारखान्यात वंगणाची मूळ तेले दीर्घकाळ बनत आली आहेत. शेजारच्या भारत पेट्रोलियमने २००६ मध्ये दुसऱ्या गटातील तेलांचे उत्पादन सुरू केले. हल्दिया आणि चेन्नईजवळील मनाली येथेही मूळ तेले बनतात. देशाची गरज एवढ्याने भागत नसल्याने मोठा वाटा आयात होतो. सिल्वासा, पाताळगंगा यांसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत या तेलांत पूरक द्रव्ये मिसळून ती डब्यात भरली जातात. पाश्चात्त्य देशांतील पहिल्या गटाचे अनेक कारखाने २०१० नंतरच्या दशकात बंद पडल्याने ब्राइट स्टॉकसारखे जाड तेल दुर्मीळ होत गेले आणि दाट श्रेणींची मिश्रणेही नव्याने बांधावी लागली.

महाराष्ट्रात तापमान उणे २० अंशांपर्यंत कधीच उतरत नाही. मग पहिल्या आकड्याचे येथे काय काम, असा प्रश्न रास्त आहे. परंतु २० अंशांच्या पुण्यातील पहाटेही नमुनेदार २० डब्ल्यू-५० तेलाची श्यानता ५०० सेंटिस्टोकच्या वर असते, तर ५ डब्ल्यू-३० ची सुमारे १६०. पहाटे सुरू होणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत तेल किती लवकर पोहोचेल, यावर या तिपटीच्या फरकाचा परिणाम होतो. झीज घडण्याचा मोठा धोका याच पहिल्या क्षणांत असतो. दुसऱ्या बाजूने, अरुंद फटींसाठी आखलेल्या नव्या इंजिनात 'उन्हाळा कडक आहे' म्हणून दाट तेल ओतल्यास लाभ होत नाही. इंधन मात्र जास्त जळते. आणि दाट तेलासाठी घडवलेल्या जुन्या इंजिनात ० डब्ल्यू-१६ घालणे म्हणजे तेलाचा थर तुटण्याला निमंत्रण.

म्हणून डबा निवडताना आकडा हा पहिला निकष असावा, शेवटचा नव्हे. श्रेणी वाहनासोबतच्या पुस्तिकेतील असावी. त्याबरोबर पेट्रोल इंजिनासाठी 'एपीआय एसपी', डिझेलसाठी 'सीके-४' यांसारखे दर्जाचिन्ह पुस्तिकेत सांगितलेल्या पातळीचे आहे का, हे पाहावे. मोटारसायकलीसाठी 'जासो एमए' हे चिन्ह आवश्यक, कारण मोटारीच्या काही तेलांतील घर्षण घटवणाऱ्या द्रव्यांमुळे ओला क्लच घसरू शकतो. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मधील काजळी-गाळणी असलेल्या डिझेल वाहनांना कमी राख सोडणारे तेल लागते. ही बाबही श्रेणीच्या आकड्यातून कळत नाही. वाटेत तेल कमी पडल्यास वेगळ्या श्रेणीचे तेल थोडे वाढवल्याने इंजिन लगेच बिघडत नाही. पण १५ डब्ल्यू-४० आणि ५ डब्ल्यू-३० मिसळून '१० डब्ल्यू-३५' तयार होत नाही. सरासरी येथेही चुकते आणि थंडीची हमी तर मुळीच उरत नाही. अशा वेळी पुढचा तेलबदल लवकर करावा.

सुट्या, स्वस्त तेलाचा धोकाही यातूनच उलगडतो. हलक्या प्रतीच्या किंवा नीट शुद्ध न केलेल्या जुन्या तेलात भरपूर पॉलिमर ढकलून १०० अंशांचा आकडा गाठता येतो. डबा उघडला त्या दिवशी ते तेल ४० श्रेणीचे भरेल. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर त्यातील साखळ्या तुटलेल्या असतील आणि उरेल तो केवळ पातळ, मळका पाया. डब्यावरील आकडा खोटा नसेल, पण त्याचे आयुष्य किती, हे आतल्या मूळ तेलाने ठरवलेले असते. ते तेल डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांच्या चिमटीत चोळूनही कळत नाही. त्याची ओळख दर्जाचिन्हातून, विश्वासार्ह विक्रेत्याकडून आणि पुस्तिकेतील सूचनांतूनच होते.